नाटकाच्या प्रकाशयोजना-नेपथ्याचं शिक्षण घ्यायचंय, गणित कितपत लागतं?

दहावीपर्यंतचं पुरतं, पण ते रोज लागतं. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर, हे तोंडपाठ हवं. १००० वॅटचा पार (PAR) दिवा, म्हणजे रंगमंचावरचा झोताचा दिवा, २३० व्होल्टवर सुमारे ४.३५ अँपिअर ओढतो, म्हणून १५ अँपिअरच्या सॉकेटवर तीनच लावायचे. चौथा लावला की भार १७च्या पुढे जातो. एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच) लगेच पडेलच असं नाही. तोवर प्लग आणि वायर तापत राहतात. खरा धोका तोच.

एलईडीला भार कमी, पण तिथे डीएमएक्स, म्हणजे दिव्यांना केबलवरून डिजिटल आज्ञा देण्याची पद्धत, येतं: एका लाइनवर ५१२ चॅनेल (तीव्रता, रंग अशा स्वतंत्र आज्ञा). शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर (लाइनच्या टोकाला लावायचा रोधक) नसेल तर सिग्नल उलटा फिरतो, दिवे लुकलुकतात आणि दोष उगाच कन्सोलवर (दिवे चालवायच्या बोर्डवर) येतो. माइकची केबल वापरली तरी हेच.

नेपथ्यात अर्ध्या इंचाला एक फूट हे प्रमाण धरा. ३६ फुटी रंगमंच मॉडेलमध्ये १८ इंच.

प्रवेशाचं म्हणाल, तर दिल्लीच्या एनएसडीचा (राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा) तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदविकेचा आहे आणि त्याला आधी पदवी लागते. बारावीनंतर थेट यायचं तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र बघा.