वस्तीवर घरराखणीसाठी बारा बोअर कोणती घ्यावी?

तुम्ही विचारलंय, मोहोळकडं शेतात वस्तीवर राहतो, चोऱ्या वाढल्यात, बारा बोअर (छर्ऱ्यांची बंदूक) घ्यायची तर कोणती?

आधी परवाना. सोलापूर शहरात राहत असाल तर अर्ज पोलीस आयुक्तांकडं, तुमच्यासारख्या ग्रामीण भागातल्यांचा जिल्हाधिकारी कार्यालयात. परवाना पाच वर्षांचा असतो. निवडणूक लागली की बंदूक बऱ्याचदा ठाण्यात जमा करावी लागते, हेही लक्षात असू द्या.

माझं मत साध्या दुनळीला. आमच्या आजोबांची होती. मधून मोडून उघडली की दोन्ही नळ्या डोळ्यांसमोर. काडतूस आहे की नाही हे अंधारात बोट घालूनही कळायचं. पंप अ‍ॅक्शनमध्ये (पुढची मूठ मागं-पुढं ओढून काडतूस भरायची बंदूक) गोळ्या जास्त, पण सराव नसेल तर घाईत अर्धवट ओढली जाते आणि अडकते. नळी कापून आखूड करायच्या फंदात पडू नका, शस्त्र कायद्यात तो गुन्हा आहे.

‘छर्रे पसरतात, नेम धरावा लागत नाही’ हे खोटं. खोलीतल्या अंतरात ते जेमतेम तळहाताएवढे पसरतात. आणि एलजी काडतुसातले जाड छर्रे पत्र्याची भिंत सहज भेदतात, पलीकडं पोरं झोपलेली असतात. म्हणून आधी बॅटरी मारून माणूस ओळखा. रात्री पाणी द्यायला गेलेला गडीसुद्धा असू शकतो.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपुरताच. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातलीत तर तुम्हीच आरोपी.

बंदूक रिकामी, कुलपात; काडतुसं वेगळ्या कपाटात. खरं तर आधी एक चांगलं कुत्रं पाळा आणि अंगणात फोकस लावा.