लोक ‘उभे राहा’ म्हणतात, म्हणून महापालिकेला अपक्ष उभं राहावं का?

प्रश्न : पिंपरी-चिंचवडमध्ये सात वर्षं वस्तीत काम करतोय. दाखले, अर्ज, मुलांची अभ्यासिका. लोक म्हणतात, ‘दादा, तुम्हीच उभे राहा.’ पक्ष नाही, पैसाही फारसा नाही. पुढच्या महापालिका निवडणुकीत अपक्ष उभं राहावं का?

उत्तर :

‘ताई, तुम्हीच उभ्या राहा’ हे ऐकूनच मी २०१७ साली पुण्यात उभी राहिले होते. अपक्ष. पडले, अनामतही गेली. तेव्हा हे पडलेल्या उमेदवाराचं उत्तर आहे, हे धरूनच वाचा.

मी नऊ वर्षं दर शनिवारी दुपारी वस्तीतल्या समाजमंदिरात बसायचे. रेशनकार्डात नाव वाढवणं, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, आरटीईचा प्रवेश. ज्याचं काम केलं त्याचं नाव दोनशे पानी वहीत. उभं राहायचं ठरलं तेव्हा वहीत ४३० घरं होती. घरटी तीन मतं धरली, त्यावर शेजारपाजारची, वर आमच्या सोसायट्यांची. गणित झकास जमलं होतं.

मग एका रात्री जेवणं झाल्यावर मतदार यादीच्या झेरॉक्स फरशीवर पसरल्या. मुलगी वहीतलं नाव वाचायची, मी यादीत शोधायची. ‘आहे.’ ‘नाही.’ ‘नाही.’ ‘नाही.’ पहाटे दोन वाजता आकडा निघाला : ४३० पैकी १७१ घरांत आमच्या प्रभागाचा निदान एक मतदार होता. बाकीच्यांची नावं बीड, लातूर, सोलापूरकडे, आपापल्या गावी. ग्रामपंचायतीच्या मतदानाला गावाहून गाडी येते, सगळे एकत्र जातात, मग नाव इकडे आणायचं कशाला? काहींची नावं जुन्या भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर. आणि प्रभागाची हद्द नेमकी आमच्या नाल्यातून गेलेली. नाल्यापलीकडची वस्ती दुसऱ्या प्रभागात. नऊ वर्षांत मला नाला कधी दिसलाच नव्हता, म्हणजे हद्द म्हणून.

चूक माझीच. प्रारूप यादी, म्हणजे हरकती घेण्यासाठीची कच्ची यादी, कधीच प्रसिद्ध झाली होती. आम्ही तेव्हा पत्रकावर माझा फोटो चष्म्यासकट असावा की चष्म्याविना, यावर वाद घालत होतो.

दुसरी गोष्ट, तुमच्याकडेही तीच आहे म्हणून सांगते. पिंपरी-चिंचवडला १२८ जागा आणि चार-चार जणांचे ३२ प्रभाग. पुण्यात २०१७ला १६२ जागा नि ४१ प्रभाग होते. दोन सोडले तर सगळे चारचे. म्हणजे एका प्रभागात सरासरी पाऊण लाख लोक. माणूस चालत चालत एवढ्या दारांवर जाऊ शकत नाही. आम्हाला चिन्ह मिळालं ८ फेब्रुवारीला, मतदान २१ला. तेरा दिवस! त्यातले दोन मला कार्यालयात कागद देण्यात आणि एक घसा बसल्यामुळे घरात गेला.

त्यात चार जागा म्हणजे प्रत्येक मतदाराला चार मतं. अ, ब, क, ड. चारही दाबल्याशिवाय मशीन मत पुरं करत नाही. कोणी नको असेल तर त्या जागेपुरतं ‘नोटा’ दाबायचं. पक्षाचा कार्यकर्ता एवढंच शिकवतो, ‘मावशी, एकच चिन्ह, चार वेळा.’ संपलं. मला शिकवावं लागायचं, ‘मावशी, तीन तुमच्या मनाची, पण ब मध्ये माझं.’ माझं चिन्ह होतं शिलाई मशीन. मशीनवर मशीन शोधायचं, हा विनोद पहिल्या दिवशी आम्हालाही आवडला होता.

मतदानाच्या दुपारी एक मावशी केंद्राबाहेर भेटल्या. त्यांच्या निराधार पेन्शनसाठी मी तहसीलला सात खेपा घातल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, ‘ताई, शोधलं हो तुमचं. पण मागची बाई घाई करायला लागली, आतला साहेब म्हणाला अजून दाबा अजून दाबा, मग मी आपलं सगळीकडे ते एकच दाबलं.’ डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला राग आला नाही. चहा पाजला आणि पुढच्या केंद्रावर गेले. (तो चहासुद्धा खर्चात लिहावा लागला. चहा, वडापाव, मांडव, रिक्षा, सगळ्याचे दर आधीच ठरवून दिलेले असतात आणि रोजचा हिशेब द्यायचा असतो. आमच्याकडे खर्चाची मर्यादा दहा लाख होती, मी दोन लाखांच्या आत होते. तरी नवरा निवडणुकीत सगळ्यात जास्त थकला तो या हिशेबानेच. निकालानंतर ३० दिवसांत अंतिम हिशेब द्यायला विसरू नका, नाहीतर पुढची तीन वर्षं उभं राहायचं विसरा.)

नवऱ्याचं निघालंय म्हणून सांगते. मी महिला राखीव जागेवर होते. अर्ध्या दारांवर लोक त्याच्याकडे बघून बोलायचे, ‘साहेब, निवडून आलात तर पाण्याचं बघा.’ तो बिचारा प्रत्येक वेळी माझ्याकडे बोट दाखवायचा.

कागदपत्रांचं थोडक्यात. वय २१ पूर्ण हवं, शहराच्या यादीत नाव हवं, महापालिकेची थकबाकी नको, तिचं कंत्राट नको, सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य नको. घरी शौचालय असून ते वापरता याचा दाखला आणि मालमत्ता-गुन्ह्यांचं शपथपत्र. सूचक-अनुमोदकांची नावं स्वतः यादीत तपासा. छाननीत अर्ज पडतात ते बहुतेक अशाच फुटकळ कारणांनी. एखाद्या वकील मित्राला दोन दिवस बसवा, होऊन जातं.

आता तुमचा खरा प्रश्न. चारच्या प्रभागात एकट्या अपक्षाने उभं राहू नये, असं माझं मत आहे. मुंबईत असता तर वेगळं सांगितलं असतं. तिथे २२७ प्रभाग आणि प्रत्येकात एकच जागा, त्यामुळे गल्लीतल्या माणसाला थोडा तरी वाव असतो. तुमच्याकडे एकतर पक्ष घ्या, किंवा प्रभागाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत काम असलेले आणखी तीन जण शोधून चौघांचं पॅनेल करा. अपक्ष पॅनेलला चिन्हं मात्र चार वेगळी मिळू शकतात, ती डोकेदुखी राहतेच. पक्ष घेण्यात कमीपणा नाही. फक्त आधी विचारा की तिकीट देणार की नुसतं सतरंज्या उचलायला घेणार. ‘पुढच्या वेळी स्वीकृत करू’ म्हणाले तर नमस्कार करून निघा. स्वीकृत नगरसेवकाची, म्हणजे निवडून न येता नेमलेल्याची, जागा कायद्याने जाणकारांसाठी आहे. जाते मात्र तिकीट न मिळून रुसलेल्यांकडे.

आणि नुसतं काम पुढे न्यायचं असेल तर निवडणूक हा एकच रस्ता नाही. कायद्यात प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे, त्यासाठी भांडा. अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची सोय पुण्यात २००६ पासून आहे. आमच्या समाजमंदिरासमोरचे दिवे मी त्यातूनच मिळवले, पडल्यानंतर. मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. त्या काळात शनिवारची रांग वाढली. मला कोणी नगरसेवक केलेलं नव्हतं तरी.

उभं राहायचंच असेल तर आजपासून एकच काम करा. महापालिकेसाठी वेगळी मतदार यादी बनत नाही. विधानसभेचीच यादी प्रभागांत फोडतात. म्हणून तुमच्याकडे जो कोणी दाखल्यासाठी येईल त्याला आधी विचारा, ‘मत कुठे आहे?’ पहिल्यांदा नोंदवायचं असेल तर फॉर्म ६, पत्ता बदलायचा असेल तर फॉर्म ८. गावचं नाव सोडायला लोक सहजी तयार होत नाहीत, गावच्या जमिनीइतकंच ते त्यांना जवळचं असतं. जबरदस्ती करू नका, पण विचारा. मी नऊ वर्षांत एकदाही विचारलं नाही. मतासाठी काम करते असं वाटेल, अशी लाज वाटायची.

तुमचीही वही असेलच. या रविवारी ती आणि तुमच्या प्रभागाची यादी शेजारी शेजारी ठेवा, घरातल्या कुणाला तरी वाचायला बसवा. किती घरं जुळतात तो आकडा कळवा, मग पुढचं बोलू.