'लयरोधक' नव्हे, 'लयदोषनिवारक'

अमिओडॅरोन या औषधाचे मराठीतून टिपण काढणाऱ्या एका वैद्यकीय विद्यार्थिनीने विचारले आहे, की 'अँटिअॅरिदमिक' (हृदयाच्या ठोक्यांची बिघडलेली लय सुधारणारे औषध) या शब्दासाठी 'लयरोधक' हा प्रतिशब्द चालेल का, आणि त्यात 'लय' घ्यावा की 'ताल'.

'लयरोधक' चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठीत 'रोधक'च्या आधी जे येते तेच अडवले जाते. गतिरोधक गती अडवतो, जलरोधक कापड पाणी अडवते. त्याच न्यायाने लयरोधक औषध हृदयाची लयच अडवील. मूळ शब्दात दोन नकार आहेत. 'अँटि' म्हणजे विरुद्ध, आणि त्याच्या पाठीला लागून आलेला छोटा 'अ' म्हणजे लयीचा अभाव. बोलताना हा 'अ' गिळला जातो आणि भाषांतरात तो गळून पडतो. अमिओडॅरोनच्या टिपणात तर हा घोटाळा अधिकच संभवतो, कारण अशा औषधांच्या व्हॉन विल्यम्स वर्गीकरणात ते तिसऱ्या वर्गात, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या पोटॅशियमच्या वाहिन्या रोखून ठोक्यानंतर पेशीचा विद्युतभार पूर्ववत होण्याचा काळ लांबवणाऱ्या औषधांत गणले जात असले, तरी ते सोडियम व कॅल्शियमच्या वाहिन्याही रोखते आणि काही अंशी बीटारोधकाचेही, म्हणजे हृदयावरचा अॅड्रेनॅलिनचा परिणाम रोखण्याचेही, काम करते. एकाच पानावर इतके खरे 'रोधक' असताना त्यांच्या पंगतीत 'लयरोधक' बसला, तर वाचणाऱ्याने त्याचा अर्थ उलटा लावल्यास दोष त्याचा नाही.

ताल की लय, याचे उत्तर संगीतातच मिळते. तालाला ठरावीक मात्रांचे आवर्तन लागते आणि सम लागते. हृदयाच्या ठोक्यांत आपण पाहतो ते एकामागून एक जाणाऱ्या ठोक्यांमधले अंतर, आणि त्याचे नाव लय. 'उत्पत्ती, स्थिती, लय' यातला विनाशाचा अर्थ मध्ये येईल ही शंका रास्त आहे, पण हृदयाच्या संदर्भात तो कोणाच्या मनात येत नाही.

मग 'लयभंग' का नको? यतिभंग, छंदोभंग यांच्या वळणाचा हा शब्द कानाला फार गोड लागतो, आणि एट्रियल फिब्रिलेशनला, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरून ठोके अनियमित होतात त्या विकाराला, तो तंतोतंत बसतो. त्या ईसीजीच्या पट्टीवर दोन उंच शिखरांमधल्या बारीक चौकटी मोजल्या, तर एकदा बारा भरतात, मग एकोणीस, मग चौदा. परंतु व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियाची, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उगम पावणाऱ्या अतिजलद ठोक्यांची, पट्टी पाहा. तिथे हे अंतर दर वेळी जवळजवळ सारखे, समजा नऊ चौकटी, असते. एक चौकट ०.०४ सेकंदाची, म्हणजे मिनिटाला सुमारे १६७ ठोके. ही लय भंगलेली नाही. ती चुकीच्या जागी उगम पावून घातक रीतीने द्रुत झाली आहे. अमिओडॅरोन दोन्ही विकारांत देतात, म्हणून दोन्हींना सामावणारा 'लयदोष' हा शब्द मला योग्य वाटतो.

त्यापुढेही 'रोधक' न लावता 'निवारक' लावावे. हे औषध चालू असलेला दोष मोडते आणि पुन्हा उद्भवू नये म्हणूनही दिले जाते. निवारणात हटवणे आणि टाळणे या दोन्ही छटा आहेत. 'लयदोषनिवारक' लांब आहे हे मान्य, पण त्यातला एकही घटक सोडण्यासारखा नाही. रुग्णाशी बोलताना मात्र हा शब्द वापरू नये. तो 'छातीत धडधडतं', 'ठोके चुकतात' असे सांगतो. त्याला 'ठोके ताळ्यावर आणणारी गोळी' म्हटलेले लगेच कळते.

जाता जाता औषधाच्या नावाविषयी. काही टिपणांत 'अमिडॅरोन' असे लिहिलेले दिसते. त्यातला 'इओड' जपायला हवा, कारण तो आयोडीनचा आहे. या रेणूच्या वजनात सुमारे ३७ टक्के आयोडीन असते, म्हणजे २०० मिलिग्रॅमच्या गोळीत जवळजवळ ७५ मिलिग्रॅम. त्याचा दहावा भाग शरीरात सुटा झाला, तरी रोजच्या १५० मायक्रोग्रॅमच्या गरजेपुढे तो कितीतरी पटींनी जास्त ठरतो. थायरॉइड मंदावणे आणि थायरॉइड बळावणे हे दोन्ही दुष्परिणाम परीक्षेत विचारतात, आणि दोन्हींची खूण औषधाच्या नावातच आहे.