झीरो विमान नेमके कोणाचे?

प्रश्न : चिंचवडच्या एका कारखान्यातील मशीन शॉपमधून मी निवृत्त झालो आहे. दुसऱ्या महायुद्धातील जपानचे झीरो विमान मित्सुबिशीचे, असे आजवर वाचत आलो. पण अलीकडे एका लेखात ही विमाने नाकाजिमा कंपनीने अधिक बांधल्याचा उल्लेख आढळला. यांतील खरे काय, आणि ही कंपनी पुढे कुठे गेली?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही विधाने खरी आहेत. झीरोचा आराखडा मित्सुबिशीचे अभियंते जिरो होरिकोशी यांच्या चमूने तयार केला, मात्र युद्ध संपेपर्यंत बांधल्या गेलेल्या झीरो विमानांपैकी निम्म्याहून अधिक नाकाजिमाच्या कारखान्यांत तयार झाली. शिवाय, मित्सुबिशीने बांधलेल्या झीरोंतही साकाए हे नाकाजिमाचेच इंजिन बसवलेले असे. आराखडा करणाऱ्याचे नाव इतिहासात राहते आणि हजारो विमाने प्रत्यक्ष उभी करणाऱ्यांचे मागे पडते, हा अन्याय आपल्यासारख्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या वाचकाला अधिक जाणवेल.

चिकुहेई नाकाजिमा हे नौदलातील अभियंते. १९१७ मध्ये नौदल सोडून त्यांनी आपल्या गुन्मा प्रांतातील ओता येथे विमाननिर्मिती सुरू केली. पुढे ते संसदेत गेले आणि रेल्वेमंत्रीही झाले. भूदलाचे हायाबुसा हे लढाऊ विमान आणि नौदलाचे बी५एन हे पाणतीर टाकणारे विमान ही त्यांच्या कंपनीची गाजलेली निर्मिती. एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टण आणि काकीनाडा येथे बाँब टाकणारी विमाने याच बी५एन जातीची होती, म्हणजे या कंपनीच्या कामाची झळ आपल्या पूर्व किनाऱ्यालाही लागली.

माझ्या मते या इतिहासाचा सर्वांत बोलका भाग होमारे या इंजिनाचा आहे. साकाएमध्ये १४ सिलिंडर होते. सिलिंडरचा व्यास आणि दट्ट्याची धाव तीच ठेवून अभियंत्यांनी त्यांची संख्या १८ वर नेली, आणि इंजिनाचा बाहेरील व्यास जेमतेम वाढू देऊन सुमारे २,००० अश्वशक्ती मिळवली. कागदावर ही कामगिरी थक्क करणारी होती, परंतु इतक्या दाटीच्या रचनेला उत्तम इंधन, चांगले मिश्रधातू आणि काटेकोर यंत्रकाम लागत होते, आणि १९४४ पर्यंत जपानकडे या तिन्हींचा तुटवडा पडला होता. कुशल कामगार सैन्यात भरती झाले होते आणि त्यांच्या जागी शाळकरी मुलामुलींना कामाला जुंपले होते. त्यामुळे होमारे बसवलेल्या हायाते या उत्कृष्ट लढाऊ विमानाचे इंजिन ऐनवेळी दगा देई. यात दोष त्या मुलांचा नव्हता, त्यांना तिथे उभे करणाऱ्यांचा होता.

२४ नोव्हेंबर १९४४ रोजी मारियाना बेटांवरून निघालेल्या अमेरिकी बी-२९ विमानांनी टोकियोवर पहिला हल्ला केला, तेव्हा त्यांचे मुख्य लक्ष्य नाकाजिमाचा मुसाशिनो येथील इंजिन कारखाना हेच होते. एप्रिल १९४५ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली आणि पराभवानंतर तिचे अनेक लहान कंपन्यांत तुकडे करण्यात आले. त्यांपैकी पाच कंपन्यांनी १९५३ मध्ये फुजी हेवी इंडस्ट्रीज स्थापली. तीच आजची मोटार कंपनी सुबारू. इंजिने बनवणारी एक शाखा मात्र प्रिन्स मोटर कंपनीत गेली आणि १९६६ मध्ये प्रिन्ससह निस्सानमध्ये विलीन झाली.