पोहे-जलेबीच्या गावात पथ्य

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या ह्यांचं वय 54, शुगर निघून चार वर्षं झाली, गेल्या महिन्यात एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी) 8.4 आली. डॉक्टर म्हणाले खाणं सुधारा, बस एवढंच, कसं ते काही सांगितलं नाही. मग मी व्हिडिओ बघून पोळी, भात, बटाटा सगळं बंद केलं, सकाळी कारल्याचा रस आणि दोन्ही वेळ सॅलड-पनीर. आठ दिवस छान गेले आणि नवव्या दिवशी साडेअकराला दुकानात ह्यांचे हात थरथरायला लागले, घामाने शर्ट ओला, शेजारच्यांकडे मशीन होतं त्यावर बघितलं तर 58! आता हे म्हणतात तुझ्या पथ्यापायी जीव जायची वेळ आली होती, आणि रविवारी छप्पन दुकान ह्या खाऊगल्लीत जाऊन पोहे-जलेबी खाऊन आले. शुगरच्या गोळ्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहेत. माझं चुकलं कुठे? — सौ. अ., लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : अहो, तुमची नियत चांगलीच होती, चुकलं एवढंच की ताट बदललं आणि गोळी तीच राहिली. ग्लिमेपिराइड पॅन्क्रियाजला (स्वादुपिंडाला) शुगर कमी करणारं इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही पोळी खाल्ली की काकडी हे ती बघत नाही. आधी चार पोळ्यांच्या हिशोबाने ठरलेला डोस, त्यात पोळ्या एकदम शून्य, मग शुगर खाली जाणारच. एकट्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. म्हणून खाण्यात मोठा बदल करायचा असेल तर आधी डॉक्टरांना फोन करून विचारायचं की गोळी कमी करायची का, आणि आपल्या मनाने गोळी बंद तर अजिबात करायची नाही. 58 चं डॉक्टरांना अजून सांगितलं नसेल तर हे वाचून होताच सांगा.

परत असं झालंच, म्हणजे मशीनवर 70 च्या खाली दिसलं, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा, अजून कमीच असेल तर परत द्या, आणि वर आली की थोडं काही खायला. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. आणि हो, अशा वेळी समोरच्या हलवायाकडून जलेबी आणायला कुणी धावतं, ती नको, तळलेल्या पदार्थातली साखर रक्तात सावकाश उतरते. साखरेची पुडी दुकानाच्या गल्ल्यात ठेवा.

आता ताटाचं. सगळं बंद हे आठ दिवस चालतं, नवव्या दिवशी माणूस छप्पनला जातोच, त्यात ह्यांचा काय दोष. चार पोळ्यांच्या दोन करा आणि उरलेल्या जागी घट्ट वरणाची मोठी वाटी, उसळ, कोशिंबीर. क्रमही बदलून बघा, म्हणजे आधी कोशिंबीर आणि उसळ खायची, पोळी-भात शेवटी, त्याने जेवणानंतरची शुगर कमी चढते हे तपासून बघितलेलं आहे. जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं. कारल्याच्या रसाऐवजी भाजी करा, रसावर विसंबण्याइतका पुरावा नाही आणि ह्यांचं तोंड सकाळी सकाळी कडू होतं ते वेगळंच.

पोह्यांबद्दल बोलायलाच हवं कारण इंदूरात पोहे सोडा म्हणणारा माणूस मी अजून बघितला नाही. आपल्याकडे पोहे वाफेवर असतात, तेल कमी, पोह्यांपुरती तक्रार छोटी आहे. गोंधळ करतात ते वरचे, म्हणजे मूठभर सेव, सढळ हाताने जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, त्यात मीठ भरपूर असतं) आणि बाजूची जलेबी. घरी करताना अर्धे पोहे आणि अर्धे मटार, दाणे, मोडाचे मूग असं करा, वर कांदा-लिंबू. रविवारी बाहेर जायचं तर जा, अर्धी प्लेट, जलेबी शेजाऱ्याच्या प्लेटमधला एक तुकडा.

सेवेचं मला घरचंच माहिती आहे. बाबांची शुगर निघाली तेव्हा आईने रतलामी सेवेचा डबा माळ्यावर टाकला, आणि सहा महिन्यांनी बाबांच्या स्कूटरच्या डिकीत दुसरा डबा सापडला, रुमालात गुंडाळलेला! शेवटी एक चहाची बशी ठरली, दिवसाला तेवढीच, सगळ्यांसमोर, आणि ती त्यांनी पाळली. शंभर ग्रॅम सेवेत पाचशेच्या वर कॅलरी असतात, बेसन चांगलं असूनही, कारण तळण. त्यामुळे डबा टेबलावर नको, बशी चालेल.

एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांचा हिशोब सांगते, म्हणून पंधरा दिवसांत तपासायला जाऊ नका, पैसे वाया.

प्रश्न : सासूबाई 71 वर्षांच्या, बीपीची गोळी चालू आहे, शुगर बॉर्डरवर. सोमवार, चतुर्थी, एकादशी सगळे उपवास, आणि उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस. काही बोललं की म्हणतात उपवासाचं बाधत नाही. — र., सुदामा नगर

उत्तर : देवाला चालतं, शुगरला चालत नाही. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा स्टार्च, शंभर ग्रॅम कच्च्या साबुदाण्यात जवळजवळ 88 ग्रॅम कार्बोहायड्रेट आणि प्रोटीन नावाला. दाण्याचं कूट घातलं म्हणून थोडी लाज राखली जाते इतकंच. पण तुम्ही सुनेने सांगितलं तर त्या ऐकणार नाहीत, हे तुम्हालाही माहिती आहे आणि मलाही. म्हणून मना करू नका, ताटात भर घाला. राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ, लाल भोपळ्याची भाजी, कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, ताक, हे सगळं उपवासाचंच आहे आणि त्यांच्या आईनेही केलेलं असेल. खिचडी एक छोटी वाटी, सगळ्यात शेवटी. मोरधन (तुमच्याकडे भगर म्हणत असाल) साबुदाण्यापेक्षा बरं, पण तेही वाडगाभर नको.

बीपीसाठी मात्र एक गोष्ट बघा. सेंधं मीठ उपवासाला चालतं म्हणून हात सैल होतो, पण सेंधं असो की साधं, सोडियम दोन्हीत असतं. दिवसभरात सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे एका चहाच्या चमच्याइतकंच मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात लोणचं, पापड, सेव, उपवासाचे वेफर्स सगळं आलं. बटाट्याच्या कीसात मीठ अर्धं करून लिंबू वाढवा, तीन-चार वेळा कुरकुर होईल मग जिभेला सवय होते. शुगरचं औषध कधी सुरू झालंच तर कडक उपवास डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न : साखर सोडून गूळ घेतला तर चालेल ना? आणि ऑफिसातले एक जण ऑनलाईन कोर्स घेतायत, तीन महिन्यांत डायबिटीज मुळापासून जातो म्हणे. — वि., राजेंद्र नगर

उत्तर : गूळ म्हणजे बहुतेक साखरच, रंग बदलला आणि जरासं लोह आलं. नाही चालणार.

दुसऱ्याचं उत्तर थोडं लांब आहे, कारण यात अर्धं खरं आहे. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाचा एक अभ्यास झाला, 2017 मध्ये त्याचे पहिल्या वर्षाचे आकडे आले. 306 लोक, सगळ्यांचा टाईप 2 सहा वर्षांच्या आतला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, उरलेल्यांना शुगर-बीपीच्या गोळ्या थांबवून काही महिने दिवसाला साधारण 850 कॅलरींचे शेक, तेही देखरेखीखाली, मग हळूहळू जेवण. शेकवाल्या गटात वर्षाअखेर 46 टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय ताब्यात होती, दुसऱ्या वर्षी ते प्रमाण 36 वर आलं. ज्यांचं वजन जास्त उतरलं त्यांना फायदा जास्त. म्हणजे होतं, पण सगळ्यांचं होत नाही, आणि वजन परत चढलं की शुगरही परत येते, म्हणून डॉक्टर रेमिशन (आजार सध्या आटोक्यात) म्हणतात, बरं झालं असं म्हणत नाहीत. "मुळापासून" म्हणणाऱ्याला फी द्यायच्या आधी विचारा, वजन किती उतरवणार आणि गोळ्या कोण बघणार. उत्तर नीट आलं नाही तर पैसे ठेवा जवळ.

प्रश्न : बीपीसाठी ते कमी सोडियमचं मीठ आणावं का? मला टेल्मिसार्टन चालू आहे. — द., तिलक नगर

उत्तर : त्या मिठात सोडियम थोडं काढून पोटॅशियम क्लोराईड घालतात, आणि बीपीला त्याचा फायदा होतो हे खरं आहे. पण टेल्मिसार्टनने शरीरात पोटॅशियम वाढू शकतं, त्यात किडनी कमजोर असेल तर दोन्ही मिळून हृदयाचे ठोके बिघडवू शकतात. क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियमची साधी रक्ततपासणी करा, रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा, ते हो म्हणाले की मग पाकीट फोडा. तोवर डब्यातलं साधंच मीठ, पण चिमटीने.