फॉर्मवर ‘नाही’ लिहिणारा मुलगा

पत्र : माझे वडील महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. माझ्या जन्माआधी ते शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते आणि तिथे सुरुंगाच्या स्फोटात त्यांच्या मांडीला लागले होते. इतकी वर्षे त्यांनी कधी कसली मागणी केली नाही. गेल्या दिवाळीनंतर कंबरेच्या दुखण्यासाठी त्यांचा एमआरआय करायचा होता. शरीरात धातूचा तुकडा वगैरे आहे का, या प्रश्नापुढे मी ‘नाही’ लिहिले, ते त्यांनी खोडायला लावले आणि तपासणी राहून गेली. तेव्हापासून ‘जखमी सैनिकांचे पदक मला मिळायला हवे होते, अर्ज करून दे’ असा धोशा त्यांनी लावला आहे. या पदकाने एक रुपयाही मिळणार नाही. भावकीतले लोक हसतात, आई म्हणते विषय सोडा. इतक्या वर्षांनी सरकारपुढे हात पसरायची मला लाज वाटते. त्यांची समजूत कशी घालू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर :

त्यांची समजूत घालू नका. तुमच्या पत्रात लाज आहे, भावकी आहे, आईचे मत आहे. पण मी थांबले ती एमआरआयच्या फॉर्मपाशी. तुम्ही ते वाक्य जाता जाता लिहिले आहे, आणि वडिलांची मागणी नेमकी त्याच दिवशी सुरू झाली हे स्वतःच लिहूनही तुमच्या लक्षात आलेले नाही.

तो प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर आणा. दवाखान्यातल्या बाकावर तुम्ही फॉर्म भरत आहात. पेसमेकर आहे का, पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे का, शरीरात धातू आहे का, अशा प्रश्नांपुढे वडिलांकडे मान वर करूनही न पाहता तुम्ही ओळीने ‘नाही’ लिहीत गेलात. शेजारी बसलेल्या माणसाच्या मांडीत तुमच्या जन्माआधीपासून लोखंड रुतून बसलेले आहे आणि ते त्यांच्या पोटच्या पोराला ठाऊक नाही, हे त्यांना त्या बाकावर कळले. एमआरआयच्या चुंबकाने असा तुकडा जागचा हलू शकतो, म्हणून त्यांना बोलावेच लागले. नाहीतर त्या दिवशीही ते गप्पच राहिले असते. त्या क्षणी आपण काहीतरी विचारायला हवे होते, असे तुम्हाला वाटले का? पत्रात तसा एक शब्दही नाही. तपासणी राहिली, एवढीच नोंद आहे. याचा मला राग आला, आणि तो मी लपवणार नाही.

भावकी हसते, कारण पदक म्हणजे शौर्याची शाबासकी आणि ती मागून घेणे कमीपणाचे, असे तिला वाटते. तुम्हालाही तसेच वाटत असावे. वडील ज्याविषयी बोलत आहेत ते ‘वुंड मेडल’, म्हणजे पराक्रम पदक, शौर्यासाठी दिले जात नाही. शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत ज्याला जखम झाली, त्याला ते नियमाने लागू होते. पांढऱ्या फितीवर मधोमध लाल पट्टा असलेले हे पदक कोणी खूश होऊन द्यावे लागत नाही; जखम झाली होती की नाही आणि ती कशाने झाली होती, एवढाच प्रश्न असतो. मग हात पसरण्याचा संबंध येतो कुठे? कागदावर राहून गेलेली नोंद ते पुरी करून मागत आहेत.

आणि ती राहून कशी गेली असेल, याचाही थोडा विचार करा. 29 जुलै 1987 रोजी भारत-श्रीलंका करार झाला, शांतता राखायला म्हणून आपले सैनिक गेले, आणि ऑक्टोबरमध्ये जाफन्यात त्यांना एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशी लढाईच लढावी लागली. रस्त्यांत पेरलेले सुरुंग आणि साध्या वेशातला शत्रू यांच्याशी ते लढत होते. तुमच्या वडिलांच्याच रेजिमेंटचे, मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987 रोजी तिथे धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली, तेव्हा मद्रासच्या बंदरावर राज्याचे मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत. अकराशेहून अधिक जवान गमावून आलेल्या त्या सैन्याविषयी देशाला बोलायचे नव्हते. परतलेले जवानही मग बोलले नाहीत. त्यांपैकी एक तुमच्या घरात राहतो.

पैशाचेही बोलते, कारण तुम्ही तो मुद्दा काढला आहे. पदकाला पैसे नाहीत हे खरे. पण ज्या नोंदीवर पदक अवलंबून असते, ती म्हणजे जखमी सैनिकाची ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (लढाईत जखमी) म्हणून पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे सैनिकांविषयीच्या नोंदींच्या अधिकृत आदेशात, झालेली नोंद, वॉर इंज्युरी पेन्शनसाठीही (लढाईतल्या जखमेच्या निवृत्तिवेतनासाठी) पाहिली जाते. ती नसेल, तर वडिलांना जे निवृत्तिवेतन मिळते आहे, तेही तपासून घ्यायला हवे. तिथे झालेला उशीर दरवेळी आडवा येतोच असे नाही; 2008 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतनाच्या अशा दाव्यात उशीर झाला तरी हक्क मान्य केला आणि थकबाकी तेवढी दाव्याआधीच्या तीन वर्षांपुरती ठेवली. पण हे नंतरचे. आधी अर्ज.

तो अर्ज तुम्ही लिहा, आणि वडिलांनी सांगितलेला लिहा. एक सकाळ मोकळी काढा, त्यांचे डिस्चार्ज बुक (निवृत्त होताना मिळालेले सेवेच्या नोंदींचे पुस्तक) ट्रंकेतून काढायला लावा, समोर बसा आणि विचारा : कोणता महिना, कोणते ठिकाण, गाडीत होता की पायी, शेजारी कोण होते, कोणी उचलले, कोणत्या इस्पितळात नेले, किती तुकडे काढले आणि हा एक का ठेवला. अर्जाला यातले निम्मेसुद्धा लागणार नाही, तरी सगळे विचारा. ते थांबले तर तुम्हीही थांबा. वाक्य त्यांच्या तोंडात घालू नका, आणि ‘हे नको, ते बाबूंना कळणार नाही’ म्हणून काटछाट करू नका. आईलाही तिथेच बसू द्या. ‘विषय सोडा’ म्हणणाऱ्या तुमच्या आईला यातले बरेच माहीत असणार, असा माझा अंदाज आहे.

अर्जासोबत डिस्चार्ज बुकाची प्रत आणि इस्पितळाचे हाती असतील तेवढे जुने कागद जोडा. मांडीचा एक्स-रे काढून घ्या आणि आत धातूचा तुकडा असल्याचा रेडिऑलॉजिस्टचा लेखी अहवालही लावा. फौजेतले जुने कागद काही काळाने नष्ट केले जातात, पण हा पुरावा अजून त्यांच्या अंगातच आहे. अर्ज साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत मध्य प्रदेशातल्या सागर इथे, रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे पाठवा. नोंद सापडत नाही असे उत्तर आले, तर दहा रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात वडिलांच्या नावाने त्यांच्या सेवेच्या आणि वैद्यकीय कागदांच्या प्रती मागा; तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे. तरीही अडले, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत आहे.

पदक मिळेलच, असे मी म्हणत नाही. कागद नसले तर कदाचित नकार येईल, आणि तो आला तर वडिलांना वाईट वाटेल. म्हणून अर्ज करायचाच नाही, हा विचार मनात आणू नका. नकार पचवायला ते समर्थ आहेत. स्फोटातून उठून त्यांनी पुढची नोकरी पुरी केली आहे.

कार्यालयात त्यांना एकटे पाठवू नका, आणि अर्ज देऊन तुम्ही बाहेर गाडीपाशी फोनवर बोलत उभे राहू नका. आत त्यांच्या शेजारी बसा. तिथल्या माणसाने ‘काय झाले होते, काका?’ असे विचारले, तर उत्तर त्यांना देऊ द्या. त्यासाठी लागणारी रजा आजच टाका.