बास गिटारचा रंग काढून मूळ लाकूड दिसेल असं फिनिश कसं करावं?

तुमच्या बासवर कारखान्यातला जाड काळा रंग आहे आणि तो काढून खालचं लाकूड उघडं ठेवायचंय, असं तुम्ही विचारलंय. जमण्यासारखं काम आहे, पण खाली लाकूड कोणतं आहे ते आधी बघा. गडद रंगाखाली बरेचदा तीन-चार तुकडे जोडलेली बॉडी असते आणि तुकड्यांच्या शिरा एकमेकींशी जुळत नाहीत. नेक (तारा दाबतो तो लांब दांडा) काढून तिच्या खाचेत आणि पिकअपच्या (तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकांच्या) खड्ड्यांत टॉर्च मारून पाहा. ॲश किंवा महोगनी निघालं तर उत्तम, आल्डरही छान दिसतं. बासवुड निघालं तर पारदर्शक फिनिशच्या मागे लागू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ते लाकूड मऊ, फिकट, जवळजवळ बिनशिरांचं असतं आणि तेल डागाडागांनी पितं.

सुटं करण्याआधी वायरिंगचे फोटो काढा. ब्रिजखाली (बॉडीवर तारा अडकवायचा धातूचा भाग) अर्थिंगची तार असते, ब्रिज उचलताना ती तुटू देऊ नका.

आता लपलेल्या जागी कापसाच्या बोळ्यानं ॲसिटोन लावा. रंग चिकट होऊन विरघळला तर नायट्रोसेल्युलोज लॅकर आहे, तो ॲसिटोननंच निघतो. काहीच झालं नाही तर बहुधा पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन. त्याला हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) लागते. गन सतत हलती ठेवा, रंग फुगून सैल झाला की बोथट कडांचा स्क्रेपर खालून सरकवा. एका जागी गन थांबली की लाकूड करपतं आणि तो डाग खोलवर जातो. हे काम उघड्यावर करा, सेंद्रिय वाफांसाठीचा काडतुसाचा मास्क लावून. धुळीचा साधा मास्क त्या वाफा अडवत नाही.

रंग निघाला की बहुतेक जण फसतात ते इथे. समोर लाकूड दिसतं, पण त्यावर सीलरचा (रंगाआधी लाकडाची छिद्रं बंद करायला लावलेल्या लेपाचा) पारदर्शक, काचेसारखा कडक थर अजून असतो. त्यावर तेल लावलं तर ते मुरत नाही, वरच चिकचिकत राहतं. ओल्या फडक्यानं पूर्ण बॉडी पुसा. जिथे लाकूड लगेच गडद होतं तिथे ते उघडं आहे. जिथे फिकटच राहतं आणि पाण्याचे थेंब उभे राहतात तिथे सीलर शिल्लक आहे. घासताना भुग्यावरूनही कळतं: सीलरचा भुगा पांढरा, पिठासारखा, लाकडाचा पिवळसर किंवा तपकिरी, आणि त्याला लाकडाचा वास येतो.

सँडपेपर ८०, १२०, १८०, २२० नंबरचे (नंबर वाढेल तसा कागद बारीक) या क्रमानं, नेहमी शिरांच्या दिशेनं, सपाट जागी ठोकळ्यावर गुंडाळून. ८० चे आडवे ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत, तेल लागताच उठून दिसतात. १८० नंतर ओलं फडकं फिरवा, उभे राहिलेले तंतू वाळू द्या, मग २२० मारा. नेकच्या खाचेत मात्र सँडपेपर अजिबात नको; तिथे थोडंसं लाकूड गेलं तरी नेक ढिली बसते किंवा तिचा कोन बिघडतो.

ॲश आणि महोगनीची छिद्रं मोठी असतात. आरशासारखा गुळगुळीत पृष्ठभाग हवा असेल तर आधी ग्रेन फिलर (छिद्रं बुजवणारी लुकणी) भरा. आल्डरला गरज नाही. मग डॅनिश ऑइलचे (लाकडात मुरून वाळणाऱ्या तेलाचे) चार ते सहा हात द्या. प्रत्येक हात फडक्यानं चोळून लावा, १५ मिनिटांनी वरचं सगळं तेल पुसा, एक दिवस वाळू द्या. जास्तीचं तेल राहून पृष्ठभाग चिकट झालाच, तर टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसून निघतं.

तेलाची फडकी गोळा करून कधीही टाकू नका. हवेतल्या ऑक्सिजननं तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ती पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर सुटी पसरून वाळवा.

बास वाजवताना उजव्या हाताची कोपराखालची बाजू बॉडीच्या वरच्या कडेवर टेकते, आणि घामानं तेलाचं फिनिश तिथूनच आधी उतरतं. तेवढ्या कडेला दोन हात जास्त द्या. जोडणी करण्याआधी दोन आठवडे थांबा आणि स्क्रूंना थोडं मेण लावा, म्हणजे ते जुन्या भोकांत सहज फिरतात.